सहाशेचे बार, हजारचे बार आणि वजनकाट्याच्या पावत्या

आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरला (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) सध्या जो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आहे, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडून त्याचा भार सगळ्या चाकांवर वाटणारी जोडणी, तो आमचा दुसरा. पहिला एकाच उन्हाळ्यात काढून ठेवला. या दुसऱ्यावर दोन उन्हाळे आणि साधारण नऊ हजार मैल झालेत, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिते. इक्वलायझर या ब्रँडचा, चार जागी घर्षण धरणारा, १,००० पौंड टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार) आणि १०,००० पौंड ट्रेलर या मापाचा हिच आहे हा. चांगला आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण एवढंच सांगून थांबले तर तुमच्या काही कामाचं नाही. आमचा पहिला हिचही बनावटीने वाईट नव्हता. तो आमच्या वजनाचा नव्हता. आणि हे कळलं ते वायोमिंगमध्ये, आय-८० महामार्गावरच्या वाऱ्यात, मागच्या सीटवर दोन मुलं बसलेली असताना.

आधी गाड्यांची ओळख. ट्रक म्हणजे चार दारांचा, 'अर्ध्या टनाचा' म्हणतात त्या वर्गातला पिकअप (ते नुसतं नाव, वजनाची हद्द नव्हे). दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे ट्रकवर एकूण लादता येणारं वजन, १,६४० पौंड. ट्रेलर २५ फुटी, दोन ॲक्सलचा, भरून जास्तीत जास्त ७,००० पौंडांपर्यंत चालणारा. आम्ही कोलोरॅडोत राहतो, त्यामुळे कुठेही निघालं तरी एक तर घाट नाहीतर वारा, बहुतेक वेळा दोन्ही.

पहिला हिच ट्रेलर घेतला त्याच दुकानातून बसवून घेतला होता. विक्रेत्याने ब्रोशर उघडलं, टंग वेटच्या रकान्यावर बोट ठेवलं, ५६० पौंड. म्हणाला, सहाशेचे बार (हिचचे सहाशे पौंडांच्या मापाचे स्प्रिंग दांडे) पुरे झाले. आम्ही मान डोलावली. टंग वेट म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वजन, जे कपलरमधून (ट्रेलरच्या टोकाची वाटी) ट्रकच्या बॉलवर (ती वाटी बसते तो लोखंडी गोळा) येतं. ब्रोशरमधला आकडा कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचा असतो हे तेव्हा माहीत नव्हतं. त्यात गॅसचे भरलेले सिलिंडर नसतात, बॅटरी बहुधा नसते, पाणी नसतं, आणि पुढच्या आरपार कप्प्यात आपण कोंबतो ते काहीच नसतं. आमच्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर २० पौंडी गॅसचे दोन सिलिंडर आहेत. वीस पौंड हे आतल्या गॅसचं वजन. लोखंड धरून एक भरलेला सिलिंडर ३७ पौंडांच्या आसपास जातो. म्हणजे सिलिंडरचेच ७५ झाले. मग बॅटरी, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे पाइप, लेव्हलिंगचे ठोकळे, हत्यारांची पेटी. हे सगळं ॲक्सलच्या पुढे, म्हणजे सगळ्याचा मोठा वाटा बॉलवर.

त्या जूनमध्ये आम्ही ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानाला निघालो. लॅरमी मागे टाकून रॉलिन्सकडे जाताना एल्क माउंटनचा पट्टा लागतो. तिथला वारा इतका नावाजलेला आहे की वायोमिंगचं रस्ते खातं वारा वाढला की हलक्या आणि उंच गाड्यांना तो रस्ता बंद करतं. त्या दिवशी रस्ता उघडा होता. चालवत मीच होते, ताशी साठ मैलांनी. सकाळपासून स्टिअरिंग हाताला हलकं लागत होतं, जणू ट्रकची पुढची चाकं रस्त्याला नीट धरतच नाहीत. मी ते वाऱ्यावर ढकललं. मग डावीकडून एक अठरा चाकी ट्रक ओलांडून गेला. आधी ट्रेलरने त्याच्याकडे ओढ घेतली, नंतर तो पुढे निघून गेल्यावर उलटीकडे. तिसऱ्या हेलकाव्याला आरशात ट्रेलरची मागची बाजू पांढरी पट्टी ओलांडताना दिसली. ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, एवढं एकच मला पक्कं पाठ होतं. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरचा खटका हाताने हळूहळू सरकवला. तो खटका फक्त ट्रेलरचे ब्रेक लावतो. ट्रेलर मागून ताणला गेला आणि सरळ झाला. मुलं टॅबलेटमध्ये होती, त्यांना पत्ताही लागला नाही. माझे हात मात्र पुढच्या एक्झिटपर्यंत थरथरत होते.

रात्री कॅम्पग्राउंडवर आप्पांना व्हिडिओ कॉल केला. माझ्या वडिलांनी तरुणपणी बैलगाडीतून कारखान्यावर ऊस वाहिलाय. मी ट्रक-ट्रेलर बाजूने दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "अगं, गाडी उलाळ झालीय की तुझी. पुढच्या चाकांवर वजनच नाही." मागे जास्त भार पडून गाडीचं पुढचं टोक उचललं जातं त्याला गावाकडे उलाळ म्हणतात. मग त्यांनी विचारलं, "मागच्या डब्यात वजन कुठं ठेवलंय? तो पण उलाळ असला तर दोन्ही मिळून नाचतील." फोनच्या पडद्यावर बघून त्यांनी जे सांगितलं, ते पुढे वजनकाट्यावर पौंडापौंडात खरं ठरलं.

वजनकाट्याचं सविस्तर सांगते, कारण हिच निवडायचं खरं काम तिथे होतं. अमेरिकेत बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. ट्रकवाल्यांसाठी असला तरी आपल्यालाही चालतो. सलग तीन फळ्या असतात. ट्रकची पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर घ्यायची. खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाला खासगी गाडी आहे म्हणून सांगायचं आणि पावती घ्यायची. पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या घरात खर्च येतो, त्याच काट्यावर चोवीस तासांत पुन्हा केलं तर बरंच स्वस्त पडतं. प्रवासाला निघतो तसं सगळं सामान भरून, माणसं बसवून जायचं. तीन वजनं करायची: हिचचे बार ओढलेले असताना, बार काढून, आणि ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचं. तिसऱ्यासाठी ट्रेलर पार्किंगमध्ये उभा करावा लागतो, चाकांना ठोकळे लावून.

आमच्या पावत्या अजून ट्रकच्या कप्प्यात आहेत. एकटा ट्रक: पुढे ३,२४०, मागे २,७०० पौंड. ट्रेलर जोडून पण बार न लावता: पुढे २,८८०, मागे ३,८८०, ट्रेलरची चाकं ५,५८०. ट्रकवर आलेलं जास्तीचं वजन म्हणजे टंग वेट. हिशेब केला तर ८२० निघालं. ब्रोशर म्हणत होतं ५६०. पूर्ण ट्रेलर ६,४०० पौंड, म्हणजे टंग वेट जवळपास १३ टक्के. ट्रॅव्हल ट्रेलरला ते १० ते १५ टक्क्यांत असावं असं धरतात, तेव्हा ट्रेलरची भरणी चुकीची नव्हती. ट्रेलर उलाळ नव्हता, ट्रक होता. पुढच्या चाकांवरचं ३६० पौंड वजन उडालं होतं. दुकानाने बसवून दिलेले बार ओढल्यावर काय होतं? पुढे २,९२०, मागे ३,८२०, ट्रेलर ५,६००. गेलेल्या ३६० पौंडांतले ४० परत आले. मागच्या ॲक्सलची स्टिकरवरची क्षमता ३,८०० आहे. म्हणजे हिच लावूनसुद्धा आम्ही २० पौंडांनी हद्दीबाहेर होतो. आणि असे आम्ही नवऱ्याची, माझी, दोन्ही मुलांची जबाबदारी घेऊन तीन सहली करून आलो होतो.

हा हिच करतो काय, ते एकदा नीट समजलं की सगळं सोपं होतं. ट्रकचं मागचं ॲक्सल टेकू समजा. बॉल त्याच्या पाच-साडेपाच फूट मागे. तिथे ८२० पौंड दाबले की पुढचं टोक उचलणारच. हिचचे दोन स्प्रिंग बार म्हणजे दोन पहारी. त्यांची एक टोकं बॉलखालच्या हिचच्या डोक्यात रोवलेली, दुसरी मागे ट्रेलरच्या ए-फ्रेमला (पुढच्या त्रिकोणी चौकटीला) जोर लावून वर धरलेली. वाकलेली पहार सरळ व्हायला बघते. त्या ताणाने हिचचं डोकं फिरू बघतं आणि मागच्या ॲक्सलवरचा काही भार एकीकडे ट्रकच्या पुढच्या चाकांवर, दुसरीकडे ट्रेलरच्या चाकांवर जातो. टंग वेट नाहीसं होत नाही, त्याची वाटणी बदलते. म्हणूनच या हिचने ट्रकचा पेलोड वाढत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण दुकानात हमखास ऐकायला मिळतं की चांगला हिच लावला की छोटा ट्रकही मोठा ट्रेलर ओढतो. दारावरचं स्टिकर हिचला ओळखत नाही.

आणखी एक स्टिकर बघा, ट्रकच्या मागे खाली रिसीव्हरवर (हिच ज्यात खुपसतात ती चौकोनी नळी) चिकटवलेलं. आमच्यावर दोन ओळी आहेत. साधा बॉल लावला तर ट्रेलर ५,००० आणि टंग ५०० पौंड. वेट डिस्ट्रिब्यूशन लावला तर १०,००० आणि १,०००. याचा अर्थ आमच्या ट्रेलरला हा हिच ऐच्छिक नव्हताच. उलट काही गाड्यांच्या पुस्तकात अशा हिचला साफ मनाई असते, म्हणून आधी आपल्या गाडीचं पुस्तक वाचा.

आता बारचं माप. ८२० टंग वेट, त्यात ट्रकच्या हौद्यात मागच्या ॲक्सलच्या मागे जे ठेवतो ते मिळवायचं, कारण तेही त्याच बाजूने दाबतं. आमचा छोटा जनरेटर, लाकडं आणि कूलर मिळून १२० पौंड. एकूण ९४०. त्याला सहाशेचे बार म्हणजे छत्रीच्या काडीने पाट उचलण्यासारखं. बार ओढल्यावर धनुष्यासारखे वाकायचे, आणि मला वाटायचं की वाकलेत म्हणजे काम करताहेत. तरी घ्यायचेच तर सगळ्यांत जाड घेऊन टाकू, असंही करू नका. हलक्या ट्रेलरला जाडजूड बार लावले की ते वाकतच नाहीत, प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ ट्रेलरच्या फ्रेमला बसतो. काट्यावरचा आकडा येईल त्याच्या वरचं पहिलं माप घ्यायचं. आमच्यासाठी ते हजारचं.

माप ठरलं, मग प्रकार. यात महिनाभर घातला. सगळे हिच वजन वाटतात, फरक पडतो तो हेलकावे कसे आवरतात यात. सगळ्यांत साधा प्रकार म्हणजे साखळीने टांगलेले गोल बार आणि हेलकाव्यांसाठी बाजूला वेगळा लावायचा एक घर्षण दांडा. आमचा पहिला हिच हाच. स्वस्त असतो आणि लहान ट्रेलरला पुरतो. पण तो दांडा हाताने आवळावा लागतो, आणि किती आवळलाय हे तुमच्या त्या दिवशीच्या अंदाजावर. शिवाय ट्रेलर जोरात वळवून मागे घ्यायचा असेल तर उतरून तो काढायचा. आमचा दांडा दुकानाने सैल सोडला होता आणि आम्ही कधी तपासला नव्हता.

रीसच्या ड्युअल कॅममध्ये बारच्या टोकांना खाच असते, ती कॅमवर, म्हणजे एका उंचवट्यावर, बसते. सरळ चालताना खाच घट्ट धरून ठेवते आणि वळताना सोडते. कल्पना मला फार आवडली. बसवायला मात्र अचूकपणा लागतो. ब्लू ऑक्सच्या स्वेप्रोमध्ये बार डोक्यात आधीच ठरावीक कोनात बसवलेले, साखळ्या पिळून ताण द्यायचा. आवाज नाही, सुटे तुकडे कमी. तो आमचा दुसऱ्या क्रमांकाचा होता. अँडरसनचा हिच बार वापरतच नाही, साखळ्या आणि युरेथेनच्या स्प्रिंगवर चालतो, उचलायला इतरांपेक्षा बराच हलका. ज्यांना रोज लावायचा-काढायचा आहे आणि टंग वेट कमी आहे त्यांनी तो बघावा. सगळ्यांत वर हेन्सली ॲरो आणि प्रोप्राइड. त्यांची रचनाच वेगळी. जोडणीच्या सांध्यांमुळे ट्रेलरला वळायचा बिंदू बॉलवर न राहता पुढे, ट्रकच्या मागच्या ॲक्सलकडे सरकल्यासारखा होतो. मग ट्रेलर ट्रकला हलवू शकत नाही, ट्रक मात्र ट्रेलरला वळवतो. तीस फुटी ट्रेलर असता आणि वर्षातले सहा महिने रस्त्यावर असतो तर मी तोच घेतला असता. काही हजार डॉलरचा मामला आहे.

इक्वलायझर घेतला तो एका साध्या कारणाने: हेलकावे आवरायची सोय त्याच्या वजन वाटायच्या बारमध्येच आहे. बार साखळीला न टांगता फ्रेमला बोल्ट केलेल्या एल आकाराच्या कंगोऱ्यांवर टेकतात. ट्रेलर हलू लागला की बारांना त्या कंगोऱ्यांवर घासत सरकावं लागतं, आणि पुढे डोक्यातल्या खोबण्यांतही घासावं लागतं. दोन जागा मागे, दोन पुढे. विसरायला किंवा सैल सोडायला काही वेगळं उरत नाही. मागे घेताना काहीही काढावं लागत नाही. बॉल आणि योग्य मापाचा शँक (रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा) धरून आम्हाला आठशे डॉलरच्या आसपास पडला. बॉल बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. आमच्या कपलरला २ ५/१६ इंची लागतो. ते माप कपलरवर कोरलेलं असतं, अंदाजाने घेऊ नका. शँकचं मापही घरून काढून जा: ट्रेलर सपाट उभा करून जमिनीपासून कपलरपर्यंतची उंची आणि ट्रकच्या रिसीव्हरची उंची. ए-फ्रेमवर सिलिंडरचा ट्रे कंगोऱ्याच्या जागेत येत नाही ना, तेही बघा. आमचा एका बाजूला अर्धा इंच आड आला, ट्रे पुढे सरकवावा लागला.

बसवला घरी, स्वतः. नवरा आणि मी, एक पूर्ण शनिवार. यातलं सगळ्यांत महत्त्वाचं हत्यार साधी मोजपट्टी. जमिनीपासून, ट्रकच्या पुढच्या चाकाच्या मध्यावरून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. एकटा ट्रक: ३८ १/४ इंच. ट्रेलर बॉलवर टेकवला, बार लावले नाहीत: ३९ १/४. बरोबर एक इंच उलाळ. आमच्या ट्रकच्या पुस्तकात म्हटलंय की उचललेल्यातली निम्मी उंची परत आली पाहिजे. प्रत्येक ट्रकचं पुस्तक वेगळं सांगतं, आपलं बघा. पूर्ण परत आणायचा हव्यास चांगला नाही. पुढचं टोक मूळ उंचीच्याही खाली दाबलं तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर ट्रकची पाठ घसरू शकते. आम्हाला हवं होतं ३८ ३/४.

हिचच्या डोक्यात वॉशर घालून त्याचा कल ठरवायचा असतो. वॉशर जास्त, कल जास्त, बारवर ताण जास्त. पहिल्यांदा बांधलं, मोजलं: ३९. कमी. पुन्हा ट्रेलर जॅकवर उचलून सोडवायचा, डोक्याची पिन काढायची, एक वॉशर वाढवायचा, पुन्हा सगळं जोडायचं. ३८ ७/८. पुन्हा सोडवा. ऊन चढलं होतं, नवरा म्हणाला एक अष्टमांशाने काय होतंय. मी काट्याची पहिली पावती त्याच्या हातात दिली, त्याने मुकाट्याने पान्हा उचलला. तिसऱ्या वेळी दोघांनी वेगवेगळं मोजलं, दोघांचंही ३८ ३/४. ट्रेलरवर स्पिरिट लेव्हल ठेवली तर पुढे किंचित झुकता, म्हणजे हवा तसा. मोठे बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळायला मोठा रेंच लागतो. आमच्याकडचा तेवढ्या ताकदीचा नव्हता, म्हणून ट्रकचे टायर बदलणाऱ्या दुकानात नेऊन आवळून घेतले आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा तपासले. कुठे ग्रीस लावायचं आणि कुठे नाही तेही पुस्तकातूनच घ्या. घर्षणाच्या जागी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ग्रीस फासलंत तर ज्यासाठी पैसे दिले तेच गेलं.

दुसऱ्या दिवशी काट्यावर. पुढे ३,०६०, मागे ३,६००, ट्रेलर ५,६८०. पुढच्या चाकांवर गेलेल्या ३६० मधले १८० परत, मागचं ॲक्सल हद्दीत २०० पौंड आत. मोजपट्टी आणि काटा एकच गोष्ट सांगत होते. ती पावती मी आप्पांना व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांना पौंड कळत नाहीत, मी किलोत करून दिले. "आता बसली गाडी," एवढंच उत्तर आलं.

त्यानंतर तोच आय-८०, तोच पट्टा, सप्टेंबरमध्ये. वारा होताच. ट्रक ओलांडून गेले की धक्का जाणवतो, तो कुठल्याच हिचने जात नाही. पण धक्का येतो आणि संपतो. दुसरा हेलकावा येत नाही. स्टिअरिंगला पूर्वीसारखं वजन आहे, उतारावर ट्रकचं नाक खाली राहतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर न जाता रस्त्यावर पडतात. समोरून येणारे पूर्वी दिवे मिचकावायचे, ते थांबलंय. तरी वेग मी साठ-बासष्टच्या वर नेत नाही. ट्रेलरचे टायर बऱ्याचदा ६५ मैलांपर्यंतचेच असतात, आणि हेलकाव्यांना वेगाइतकं दुसरं काही आवडत नाही.

रोजच्या वापरातलं थोडं. डोकं जड आहे. एकटीने रिसीव्हरमधून काढताना मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ओढते, पाठ वाकवून कधी नाही. बार चढवायला दांडका दिलेला असतो, पण ताणाखाली तो निसटला तर हनुवटी फोडेल. त्यापेक्षा कपलर बॉलवर अडकवून, कुलूप लावून, ट्रेलरच्या इलेक्ट्रिक जॅकने ट्रकची पाठ ट्रेलरसकट चार-पाच इंच वर घ्यायची. बार हाताने कंगोऱ्यावर सरकतात. काढतानाही तसंच. हा उपाय हिच कुठलाही असो, वापराच. आणि आवाज. घर्षणावर चालणारा हिच वळताना बोलणारच. पेट्रोल पंपात शिरताना जुन्या वाड्याचं दार उघडल्यासारखा करकरतो. पहाटे सहाला कॅम्पग्राउंडमधून निघताना शेजारच्या तंबूंचा विचार मनात येतो. ज्यांना हा आवाज सहन होणार नाही त्यांनी ब्लू ऑक्स घ्यावा. मला तो आवाज आता बरा वाटतो, काम चालू आहे हे कळतं.

पाण्याच्या टाकीबद्दल एक राहिलं. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांच्या वर असतं. ४० गॅलनची टाकी भरली म्हणजे ३३० पौंडांच्या पुढे. टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर कमी होतं. आमची जवळजवळ ॲक्सलवरच आहे, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. तुमची कुठे आहे ते खाली वाकून बघा. मागे असलेली भरून आणि पुढचा कप्पा रिकामा ठेवून निघालात तर ट्रेलर आप्पांच्या भाषेत उलाळ होतो, आणि मग कितीही महागाचा हिच असू दे.

यावरूनच सध्या घरात चर्चा चाललीय. मुलांना या वर्षी सायकली न्यायच्यात, आणि नवऱ्याने ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लावायचा रॅक बघून ठेवलाय. रॅक आणि चार सायकली मिळून ११० पौंड. ॲक्सलपासून दहा फूट मागे. कपलर ॲक्सलपासून सतरा फूट पुढे. म्हणजे टंग वेटमधून ६५ पौंड जाणार. ८२० चे ७५५, एकूण ट्रेलर ६,५१०. साडेअकरा टक्क्यांच्या वर राहतं, कागदावर जमतंय. पण तो बंपर पातळ पत्र्याचा आहे, खड्ड्यात ११० पौंड किती जोराने उसळतील ते मला दिसतं. पेलोडमध्ये अजून २९० पौंड शिल्लक आहेत. मुलांच्या दोन सायकली ट्रकच्या हौद्यात, केबिनच्या पाठीला लागून, आडव्या. आमच्या दोघांच्या या वर्षी घरी. निघायच्या आदल्या दिवशी काट्यावर जायचंय, मोजपट्टी दाराच्या खिशात आहेच.